पाण्यासाठी पोरं रस्त्यावर उतरली, सत्ता कर्नलच्या हाती गेली. मादागास्करमध्ये नेमकं काय घडलं?

खांदेश्वरच्या एखाद्या सोसायटीत दोन दिवस पाणी आलं नाही, तर आधी व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो, मग टँकर मागवला जातो. फारच झालं तर हंडा मोर्चा निघतो. सरकार काही पडत नाही.

हिंदी महासागराच्या पलीकडच्या टोकाला मात्र सरकार पडलं. मादागास्करमध्ये पाणी आणि विजेसाठी सुरू झालेल्या आंदोलनानंतर तीन आठवड्यांच्या आत राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला आणि एक लष्करी अधिकारी देशाचा प्रमुख झाला.

आंदोलन कशावरून पेटलं?

मादागास्कर हे महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आकाराचं बेट. लोकसंख्या सुमारे ३ कोटी. जगात सर्वाधिक व्हॅनिला इथं पिकतो, तरीही दर चारपैकी तीन जण दारिद्र्यात जगतात. वीज पोचलीय ती जेमतेम एक तृतीयांश लोकांपर्यंत.

राजधानी अंतानानारिव्होमध्ये तासन्‌तास वीज जायची, नळ कोरडे असायचे. २५ सप्टेंबर २०२५ला तरुण रस्त्यावर उतरले. आंदोलनाची जुळवाजुळव सोशल मीडियावर झाली होती. नेपाळमधल्या 'जेन झी' आंदोलनाचं उदाहरण ताजं होतं. सुरुवातीच्या काही दिवसांतच किमान २२ जणांचा मृत्यू झाल्याचं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं. सरकारने हा आकडा फेटाळला.

राष्ट्राध्यक्ष आंद्री राजोएलिना यांनी मंत्रिमंडळ बरखास्त केलं, एका लष्करी जनरलला पंतप्रधान केलं. तोवर मागणी बदलली होती. आता राजीनामा हवा होता.

लष्कर मधे कधी आलं?

११ ऑक्टोबरला 'कॅपसॅट' ही लष्कराची तुकडी आंदोलकांच्या बाजूने उभी राहिली. राजोएलिना देशाबाहेर गेले. १४ ऑक्टोबरला संसदेने १३० मतांनी त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला आणि त्याच दिवशी कर्नल मायकल रँड्रियानिरिना यांनी सत्ता हाती घेतल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी आफ्रिकन युनियनने मादागास्करला निलंबित केलं. १७ ऑक्टोबरला घटनात्मक न्यायालयात कर्नलचा राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथविधी झाला. त्यामुळे हे 'बंड' नाही, असा कर्नलचा दावा आहे. पण न्यायालयाने ६० दिवसांत निवडणूक घ्यायला सांगितलं होतं, कर्नलनी मात्र दोन वर्षांपर्यंतची मुदत स्वतःच ठरवली.

हे कर्नल कोण?

रँड्रियानिरिना हे दक्षिणेकडच्या आंद्रोय प्रांताचे माजी गव्हर्नर. लष्करात बंडाला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून २०२३मध्ये त्यांना अटक झाली होती. काही महिने ते तुरुंगात होते.

मग काळजी कसली?

काळजीचं कारण इतिहासात आहे. २००९मध्ये राजोएलिना स्वतः असेच सत्तेवर आले होते. तेव्हा ते राजधानीचे तरुण महापौर होते, लोक रस्त्यावर होते आणि त्यांच्या पाठीशी उभी राहिली ती हीच कॅपसॅट. तेव्हाही लवकरच निवडणुकीचं आश्वासन होतं. प्रत्यक्षात मतदान व्हायला २०१३ साल उजाडलं.

त्याआधी १९७२मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर सत्ता जनरल रामानान्त्सोआ यांच्याकडे गेली. १९७५मध्ये नौदल अधिकारी दिदिए रात्सिराका आले, ते १९९३पर्यंत राहिले आणि १९९७मध्ये निवडून येऊन पुन्हा परतले.

म्हणजे राग लोकांचा असतो, शेवटचा निर्णय मात्र बराकीत होतो. जी तुकडी एका राष्ट्राध्यक्षाला बसवते, तीच पुढे त्याला उतरवते. त्यामुळे खुर्चीवरच्या माणसाला मतदारापेक्षा बंदुकीची धास्ती जास्त वाटते. शपथविधीनंतर कर्नलनी पंतप्रधान म्हणून एका उद्योजकाची निवड केली, तेव्हा 'आम्हाला विचारलंच नाही' अशी तक्रार आंदोलक तरुणांनीच केली.

भारताचा काय संबंध?

मादागास्करमध्ये भारतीय वंशाचे, प्रामुख्याने गुजराती, व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पूर्वेला मॉरिशस आहे, जिथं मराठी कुळांची जुनी वस्ती आहे. २०२०च्या पुरात भारतीय नौदलाने 'ऑपरेशन व्हॅनिला' राबवून मदत पोचवली होती. या समुद्रातली अस्थिरता भारताला परवडणारी नाही.

कर्नलची दोन वर्षं ऑक्टोबर २०२७मध्ये संपतील. तेव्हा मतपेट्या बाहेर आल्या, तर हे सत्तांतर वेगळं ठरेल. पण अंतानानारिव्होच्या पोरांची पहिली मागणी निवडणुकीची नव्हतीच. नळाला पाणी आलं का, हा प्रश्न ती कर्नललाही विचारणार आहेत.