गुळगुळीतपणाचे खूळ

लाडवांबरोबर आता घरोघरी गाणीही वळली जाऊ लागली, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. पंचवटीतला पोरगा माडीवर बसून लॅपटॉपवर गाणे रचतो, रचो बापडा! माझे भांडण त्याच्या यंत्राशी नाही, 'स्मूथ' या एका शब्दाशी आहे.

गेल्या गणपतीत माझ्या भाच्याने नाशिक ढोलाच्या मुद्रणातून एकेक ठोका कापला आणि नव्या क्रमाने जोडला. सांध्यासांध्यावर टक्‌टक् होऊ लागली. यात गूढ काही नाही. ध्वनीची लहर मधल्या रेषेच्या वरखाली हेलकावते. ती वर असताना कात्री लावली, तर तुटलेली कड कानाला टोचते. लहर रेषा ओलांडते तेथेच कापावे. २००० सालापासून फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीत तर झेडची कळ दाबताच निवडीच्या कडा तेथे सरकतात. उरलेसुरले दोन-चार मिलिसेकंदांच्या उताराने भागते.

पण तेवढ्यावर थांबेल तर तो भाचा कसला! त्याने प्रत्येक तुकड्याच्या आरंभी पन्नास मिलिसेकंदांचा चढ घातला. टक् गेली, तिच्यासंगे टिपरूही गेले. अहो, ढोलाचा जीव त्या पहिल्या आघातात! चढ घालायचाच तर तो ठोक्याआधीच्या शांततेत संपवावा. उतार शेपटीला हवा तेवढा द्यावा. इथे मात्र लोडावर काठी आपटल्यासारखा आवाज येऊ लागला.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण मग त्याने माझ्या आईची कॅसेट काढली.

आईला जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या भजनातला 'काळाराम' एवढाच शब्द त्याने ढोलावर बसविला. कल्पना ऐकून मला गहिवरून आले, हे कबूल करतो. पण तोच पन्नासाचा चढ तेथेही! 'क' म्हणजे अडवून एकदम सोडलेला वारा. चढाने नेमका तोच गिळला. ओसरीवर कान धरून आमचे उच्चार सुधारणारी माझी आई म्हणू लागली, 'आळाराम'! शब्दाआधीच्या श्वासात तिच्या दम्याची बारीक घरघर होती, तीही घाण म्हणून पुसलेली.

"मामा, स्मूथ वाटतंय ना?"

"वाटतंय रे! पण ही तुझी आजी नव्हे."

कोणी म्हणेल, मास्तरांना नव्याचा विटाळ. छे! जुने ध्वनिमुद्रकही चुंबकीय फीत ब्लेडने तिरकी कापीत, ती एक ध्वनी दुसऱ्यात हलके मिसळावा म्हणूनच. पण त्यांचे ते मऊ करणे सांध्यापुरते असे. गाणाऱ्याचा गळा ते तासायला बसत नसत. आजचे आमचे वीर एक बटण फिरवितात आणि ढोल, गळा, टाळ साऱ्यांना एकाच रंध्याखाली घालतात.

दुसऱ्या दिवशी भाच्याने तो तुकडा नव्याने कापला, श्वासाच्या किंचित आधीपासून. 'क' परतला, घरघरही परतली. आता ती ऐकू यावी म्हणून ढोल जरा खाली करावा लागतो, एवढेच.