सात भागिले दोन किती?

सात भागिले दोन किती, असे विचारले तर शाळकरी मूलही चटकन ‘साडेतीन’ म्हणेल. पायथन नावाची संगणकाची भाषा मात्र बरीच वर्षे ‘तीन’ असे उत्तर देत होती. दोन पूर्णांकांचा भागाकार करताना वरचा अपूर्णांक गाळायचा, असा तिचा नियमच होता. २००८ साली नियम बदलला आणि उत्तर साडेतीन येऊ लागले. चूक सुधारली, मग बिघडले कुठे? बिघडले ते असे, की तोवर असंख्य प्रोग्राम जुन्या उत्तरावर विसंबून लिहून झाले होते.

नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ही भाषा लिहायला घेतली. १९९१ साली ती लोकांपुढे आली आणि सोपेपणामुळे जगभर पसरली. वापर वाढला, तशा सुरुवातीच्या काही उणिवाही घट्ट होत गेल्या. त्या एकदाच दूर कराव्यात म्हणून ३ डिसेंबर २००८ रोजी तिसरी आवृत्ती निघाली. जुने प्रोग्राम तिच्यात जसेच्या तसे चालणार नाहीत, हे कर्त्यांनी जाणूनबुजून पत्करले होते.

त्यामागे सबळ कारण होते. संगणक अक्षरे साठवतो ती ‘बाइट’ नावाच्या कप्प्यांत. इंग्रजी अक्षराला एक कप्पा पुरतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, प्रचलित पद्धतीत, तीन लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे. दुसरी आवृत्ती साधा मजकूर मोजताना कप्पे मोजी आणि लांबी पंधरा सांगे. तिसरी पाच सांगते. जुन्या पद्धतीत इंग्रजी नावांवर तपासलेला प्रोग्राम ठीक चाले आणि कुणी देवनागरीत नाव भरले की अडखळून बंद पडे. नव्या आवृत्तीचा लाभ इंग्रजीपलीकडच्या भाषांना मोठा होता.

अडचण उभी राहिली ती वरच्या मजल्यांवर. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्रात २००३ साली ‘जँगो’चा जन्म झाला. संकेतस्थळाला लागणारे अर्ज, याद्या, सभासदांची नोंद असे नेहमीचे भाग तयार पुरवणारा हा सांगाडा. २००५ पासून तो सर्वांना मोफत मिळू लागला. खाली पायथन, त्यावर जँगो, त्याला जोडलेली इतरांची लहानमोठी साधने आणि सर्वांवर संकेतस्थळ, अशी ही इमारत. पायाच बदलायचा तर सुरुवात कोणी करायची? संकेतस्थळवाले जँगोकडे पाहात, जँगो खालच्या साधनांकडे आणि साधनवाले म्हणत, अजून मागणीच कुठे आहे?

तोडगा निघाला तो दोन्ही आवृत्त्यांत चालेल असा मजकूर लिहिण्याचा. त्यासाठीच्या एका साधनाचे नाव ‘सिक्स’. कारण दोन त्रिक सहा! फेब्रुवारी २०१३ मध्ये जँगोने तिसऱ्या आवृत्तीला प्रायोगिक आधार दिला. एप्रिल २०१७ चा जँगो जुन्या पायथनवर चालणारा शेवटचा ठरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालेला फक्त नव्यावरच चालू लागला. जँगोवर उभे असलेले इन्स्टाग्रामही २०१७ सालीच नव्या पायथनवर गेले. जुन्या पायथनचा आधार २०१५ मध्ये संपायचा होता, तो २०२० पर्यंत वाढवावा लागला.

मोठ्या कंपन्यांकडे माणसे होती. खरी पंचाईत झाली ती लहानांची, ज्यांचा प्रोग्राम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. जुने सोडवत नाही आणि नव्यात जाववत नाही, अशी त्यांची गत. जुन्यावरच राहावे, तर सुरक्षेतील त्रुटी बुजवणारे कोणी उरलेले नाही. जुना मजकूर नव्यात बदलून देणारे यंत्र पायथनसोबत मिळत होते; बऱ्याच दुरुस्त्या ते आपोआप करी. पण भागाकाराला ते हात लावत नसे.

कारण उघड आहे. सात रुपये दोघांत वाटायचे तर साडेतीनच बरोबर. सात वह्या वाटायच्या तर प्रत्येकी तीनच, एक उरणार. त्या ओळीत रुपये होते की वह्या, हे यंत्राला कसे कळावे? नव्या भाषेत दोन्हींसाठी वेगळी चिन्हे आहेत, पण कोणते कुठे घालायचे हे माणसानेच ठरवायचे. चुकीचे चिन्ह राहिले तर प्रोग्राम बंद पडेलच असे नाही. तो निमूटपणे चुकीचा हिशेब देत राहू शकतो.

दुकानाचे, शाळेचे वा गृहनिर्माण संस्थेचे संकेतस्थळ करून घेणाऱ्यांनी म्हणूनच किमतीबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: आवृत्ती कोणती, तिचा आधार कधीपर्यंत आणि पुढचा बदल कोण करणार? शिवाय कोणता हिशेब कशासाठी केला आहे, हे साध्या मराठीत लिहून घ्यावे. भाषेच्या आवृत्त्या बदलतच राहतील. पण रुपये होते की वह्या, हे कुठे तरी लिहिलेले असले, की पुढच्या माणसाचे निम्मे काम झालेले असते.