एका नावाचे दोन डबे

दिवाळीच्या अंकात यंत्राची कटकट कशाला, असे आमच्या घरातून आधीच सुनावण्यात आले आहे. पण वाचकहो, ही कटकट मुळी दिवाळीच्या तोंडावरच उभी राहिली!

साल २०२२. इंजिनियरिंगला असलेली शेजारची मुलगी रात्री नऊ वाजता लॅपटॉप घेऊन दारात हजर. "काका, पिप चालतच नाही हो! आणि उद्या दुपारी प्रोजेक्ट द्यायचाय." रडायचीच काय ती बाकी होती.

पिप म्हणजे पायथनची तयार पॅकेजे आणून बसवणारा गडी. त्याने आदल्या दिवशी 'क्रिप्टोग्राफी' हे पॅकेज नव्या आवृत्तीचे आणले, इमानाने बसवले, आणि स्वतःच आडवा झाला! दुरुस्तीला बोलवावे, तर तोच आजारी.

यंत्रावर होते उबुंटू २०.०४. या घरात सामान भरणारे दोघे. ॲप्ट साऱ्या यंत्रासाठी भरतो, आणि यंत्राची स्वतःची कित्येक कामेही त्याच सामानावर चालतात. पिपने काय आणले, याची ॲप्टच्या वहीत नोंद नसते. साध्या वापरकर्त्याने पिप चालवला, की सामान त्याच्या स्वतःच्या फोल्डरात पडते. आता गंमत पाहा. पायथन एखादे पॅकेज शोधतो तेव्हा आधी वापरकर्त्याचा फोल्डर बघतो, मग यंत्राचा. नाव जुळले की तोच डबा उचलला; आत काय आहे, ते नंतर! ही पद्धत २००८ च्या पायथन २.६ पासूनची. त्यामुळे क्रिप्टोग्राफी मिळाले नवे, आणि त्याच्या जोडीने चालणारे पायओपनएसएसएल मात्र यंत्राचे जुने. जुन्याने एक नाव मागितले. नव्याने ते केव्हाच काढून टाकलेले. या भांडणात पिप चिरडला गेला.

बरे तर बरे, तिने सुडो लावले नव्हते. तसे केले असते, तर तो नवा डबा यंत्राच्या सामायिक फळीवर जाऊन सर्वांच्याच वाट्याला आला असता.

पायथनला '-एस' ही सूचना दिली, की तो वापरकर्त्याचा फोल्डर वगळतो. तशी दिली, पिप ताडकन उठला! दोष कुठे, ते कळले. मग तिच्या फोल्डरातला पॅकेजांचा कप्पा आम्ही पुसला नाही, नुसते नाव बदलून बाजूला ठेवला. प्रोजेक्टसाठी वेगळा 'वेन्व्ह' केला. ही सोय २०१२ च्या पायथन ३.३ पासून आहे. उबुंटूवर मात्र तिचे पॅकेज ॲप्टकडून वेगळे मागावे लागते. प्रत्येक कामाचे सामान त्याच्याच फोल्डरात. डिस्कवर जागा जाते खरी, पण झोप जाण्यापेक्षा ते परवडले.

जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने तर दारच लावून घेतले. वेन्व्हबाहेर पिप चालवला, की तो सरळ नकार देतो. हट्टच असेल, तर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' ही सूचना जोडावी लागते. इतके प्रामाणिक नाव आम्ही दुसरे पाहिलेले नाही!

मुलगी आता नोकरी करते आणि डेबियनच वापरते. परवा तिचा फोन. "काका, पिप नाही म्हणतोय. ती सूचना लावू का?"

"लाव की. फक्त आधी तिचे नाव मोठ्याने वाच."

तिने वाचले. मग क्षणभर शांतता, आणि वेन्व्हची कळ दाबल्याचा आवाज.