यजमान गेल्यावर आलेले पाहुणे

मिलानच्या ‘कासा व्हेर्दी’त राहणारे वृद्ध गायक-वादक आश्रित नव्हेत, पाहुणे. हा आग्रह खुद्द संस्थापकाचा, ऑपेराकार जुझेप्पे व्हेर्दीचा. उतारवयात कफल्लक झालेल्या कलावंतांसाठी त्याने हे घर बांधले. इमारत १८९९ मध्ये उभी राहिली. पण आपल्या हयातीत दार उघडायचे नाही, अशी ताकीद होती. कुणाचे आभार ऐकायला नकोत म्हणून! १९०१ मध्ये तो गेला, १९०२ मध्ये पाहुणे आले.

पाटीवरच्या नावासाठी देणगी देणाऱ्यांना हा संकोच झेपणार नाही.

खर्चाला त्याच्या ऑपेरांची रॉयल्टी होती. १९६०च्या दशकात तो ओघ आटला, तरी घर चालू राहिले. आता तिथे संगीताचे तरुण विद्यार्थीही राहतात. अंगणापलीकडच्या समाधिगृहात व्हेर्दी पत्नीशेजारी विसावला आहे. वर कुणीतरी पियानोवर बसलेले असते.