काळ्या सोन्याचे गाव

ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते शहरातून बसने निघालेला प्रवासी सुमारे दोन तासांत ओरो प्रेतो या डोंगरी गावी पोहोचतो. नावाचा अर्थ काळे सोने. येथे सापडलेल्या सोन्याच्या कणांवर काळसर थर असे, त्यावरून हे नाव पडले. १७११ साली पोर्तुगीज राजवटीत नगराचा दर्जा मिळाला, तेव्हा याचे नाव विला रिका, म्हणजे श्रीमंत नगरी, असे होते.

उभ्या चढाच्या फरसबंद गल्ल्या, पांढऱ्या भिंतींची घरे आणि टेकडीगणिक एक चर्च, असे हे गाव एका दिवसात पाहून होते. व्यापारी घरातील माणसाचे पाऊल मात्र ‘काझा दोस कोन्तोस’ या वाड्यापाशी थबकते. काझा दोस कोन्तोस म्हणजे हिशेबघर.

खाणीतून निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा असे. १७५० नंतर या मुलखावर वर्षाला किमान शंभर अरोबा, म्हणजे सुमारे दीड हजार किलो, सोने देण्याचे बंधन आले. तूट पडल्यास ती रयतेकडून सक्तीने भरून घेण्याची तरतूद होती. पुढे खाणी आटत गेल्या, पण मागणीचा आकडा खाली आला नाही. याच असंतोषातून १७८९ मध्ये स्वातंत्र्याचा कट शिजला. तो फुटला आणि ‘तिरादेन्तेस’, म्हणजे दात काढणारा, या नावाने ओळखला जाणारा सैनिक २१ एप्रिल १७९२ रोजी फासावर गेला. त्या दिवशी आज देशभर सुट्टी असते.

हिशेबघराची कथाही बोधप्रद आहे. करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या जुवाव रोद्रिगेस दे मासेदो याने १७८० च्या दशकात हा भव्य वाडा उभारला. परंतु मक्त्याची देणी थकली आणि वाडा सरकारजमा झाला. इतरांकडून वसुली करणारा स्वतःच थकबाकीदार ठरला.

वाड्याच्या तळघरात गुलामांच्या राहण्याची जागा आहे. आफ्रिकेतून आणलेल्या याच माणसांनी डोंगर पोखरून सोने काढले. १७३५ ते १७५० या काळात तर कराची आकारणीच गुलामांच्या डोईमागे होई. वहीत त्यांची नोंद होती, पण ती मालकाच्या मालमत्तेत. त्यांच्या श्रमाची जमा कोणी मांडली नाही.

पुढे १८९७ मध्ये राजधानी बेलो होरिझोन्तेला गेली. बांधकामाची नवी लाट येथे आली नाही, म्हणून जुनी घरे टिकली. १९८० मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारशाचे स्थान दिले. आज प्रवासी मान उंच करून पाहतात ते साओ फ्रान्सिस्को चर्चचे दगडी कोरीवकाम. ते घडवणारा आलेजादिन्यो हा एका गुलाम आईचा पुत्र. दुर्धर आजाराने हात निकामी होत असतानाही तो छिन्नी चालवत राहिला.

सोने लिस्बनला गेले, मक्तेदाराचा वाडा खजिन्यात गेला. गावाच्या पदरी शिल्लक राहिली ती या हातांची कमाई. तळघराचा दगडी जिना चढून उजेडात येणाऱ्याला हा ताळेबंद कोणी समजावून सांगावा लागत नाही.