‘सात बाकी आहे’ म्हणजे नेमकं काय? कळंबच्या चार्टमागचं गणित

दिवाळीत कळंबला घरी गेलो होतो. बसस्टँडजवळ चहा पिताना शाळेतल्या मित्राने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर मटक्याचा चार्ट. “भाऊ, १७ दिवस झाले, ओपनला ७ आलाच नाही. आज तं येतेच.” त्याने कापसाच्या पैशातले दोन हजार बाजूला काढून ठेवले होते. तू इंजिनिअर आहेस, हिशोब बरोबर आहे का सांग, असं त्याचं म्हणणं.

हिशोब चुकीचा आहे. आणि ही चूक फक्त त्याची नाही, म्हणून हा लेख.

आधी बातमी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या अ‍ॅपने पैशांचे खेळ थांबवले. पण सट्टापट्टी कायद्याने आधीपासूनच बंद आहे, तरी तिचे चार्ट मोबाईलवर रोज फिरतात. म्हणजे बंदी आली तरी डोक्यातला ‘बाकी आकडा’ जात नाही. तो गणितानेच जाईल.

आकड्याला आठवण नसते

मटक्यात तीन पानं निघतात, त्यांची बेरीज करून शेवटचा अंक घेतात. तो झाला ओपन. तसाच पुन्हा क्लोज. सोडत प्रामाणिक आहे असं धरलं, तर ० ते ९ पैकी कोणताही अंक यायची शक्यता १० त १. काल काय आलं याचा आजच्या पानांशी काही संबंध नाही. गणितात अशा घटनांना ‘स्वतंत्र घटना’ म्हणतात.

स्वतंत्र घटना एकत्र घडायची शक्यता काढायची तर गुणाकार करायचा. ओपन १/१०, क्लोज १/१०, म्हणून एखादी जोडी लागायची शक्यता १/१००.

आता ते १७ दिवस. एका दिवशी ७ न येण्याची शक्यता ०.९. हे १७ वेळा गुणलं की उत्तर येतं साधारण ०.१७. म्हणजे सहात एकदा असं होणारच. अंक दहा आहेत, त्यामुळे कोणतेही १७ दिवस घेतले तर सरासरी एक-दोन अंक गैरहजर असतातच. चार्टमध्ये ‘बाकी’ आकडा नेहमी सापडतो, कारण तो नेहमी असतोच. १८ व्या दिवशी ७ ची शक्यता किती? तीच, १० त १.

जोडीचं तर अजून मजेशीर आहे. १०० दिवसांत १०० जोड्यांपैकी सरासरी ३७ जोड्या एकदाही येत नाहीत.

भाव आणि शक्यता वेगळी

जोडी लागायची शक्यता १०० त १, म्हणजे ९९ विरुद्ध १. खरा भाव १०० रुपये परत असा हवा. मटक्यात साधारण ९० मिळतात. रोज १० रुपये १०० दिवस लावले तर १००० गेले आणि सरासरी ९०० आले. मधले १०० रुपये खेळवणाऱ्याचे. चार्ट कितीही वाचला तरी हा फरक भरून निघत नाही.

‘फिक्स गेम’वाला बरोबर कसा येतो?

मित्राचा दुसरा मुद्दा: एका चॅनेलवाल्याने सलग तीन दिवस बरोबर आकडा दिला. समजा, त्याने १०,००० जणांचे दहा गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळा अंक पाठवला. एका गटातले १००० जण खूश. दुसऱ्या दिवशी त्यांचेच दहा गट, उरले १००. तिसऱ्या दिवशी १०. या दहा जणांना तो देव वाटतो, आणि फी तेच भरतात. बाकी ९,९९० जणांचे स्क्रीनशॉट कोणी फॉरवर्ड करत नाही.

अ‍ॅपवर तर पानंही नाहीत

लाल-हिरवा रंग ओळखायच्या अ‍ॅपमध्ये निकाल सर्व्हरवर ठरतो. कोणत्या रंगावर जास्त पैसे लागलेत ते चालवणाऱ्याला आधीच दिसू शकतं. कमी पैशांचा रंग काढायचा कोड मी पाच मिनिटांत लिहू शकतो. मग घटना स्वतंत्रही राहत नाही, तुमच्या विरोधात जाते. ‘हरलो की डबल लावायचं’ हा उपायही बघा: १० रुपयांपासून सुरू करून दहा वेळा सलग हरलात तर १०,२३० रुपये गेलेले असतात.

शेवटी कापूस

मटक्याची सुरुवात कापसातूनच झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईत येणाऱ्या भावांवर लोक पैसे लावायचे. ते थांबलं तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी मुंबईत आकड्यांचा मटका उभा केला. आज कापूस पिकवणाऱ्या गावातला पोरगा कापसाचे पैसे त्याच खेळात घालतो.

मी मित्राला चहाच्या बिलामागे ०.९ चा गुणाकार करून दाखवला. तो म्हणाला, “म्हणजे सात येणार नाही?” मी म्हटलं, “येईलही. पण तू १७ दिवस थांबलास म्हणून नाही.” त्याने पैसे खिशात ठेवले. त्या दिवशीपुरते तरी.