मठाचे अंगण कोणासाठी?

न्याय मागण्यासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाला देवाच्या दारी पाठ टेकण्यापुरती जागा मिळावी की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ भासतो. परंतु ऑगस्ट 2025 च्या अखेरीस आझाद मैदानावरील मराठा आंदोलनासाठी मुंबईस गेलेल्या कित्येक तरुणांनी भर पावसाळ्यात रेल्वे स्थानकात आणि रस्त्यांवर रात्री काढल्या, तेव्हा त्याचे गांभीर्य सर्वांच्या ध्यानी आले. बंकटस्वामी महाराजांमुळे वारकऱ्यांत ख्यात झालेल्या नेकनूरसारख्या गावाला तर हा प्रश्न परका नाही. दिंडीला पंगत आणि मोर्चेकऱ्याला नकार, हा भेद कोणत्या तत्त्वावर करावयाचा?

या प्रश्नाला महाराष्ट्रात एक थोर पूर्वाधार आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण आरंभिले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. सनातन्यांचा विरोध तीव्र असतानाही एका मठाने आपले दार उघडे ठेवले. त्या मठाची प्रतिष्ठा यामुळे उणावली नाही. उलट आज त्याचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे.

दार उघडावे की लावावे, याविषयी मनाचा निश्चय नसला म्हणजे काय होते, हे लंडनने दाखविले. ऑक्टोबर 2011 मध्ये आर्थिक विषमतेविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांनी सेंट पॉल कॅथीड्रलच्या प्रांगणात तंबू ठोकले. धर्माधिकाऱ्यांनी कधी सहानुभूती दाखविली, कधी कॅथीड्रलच बंद केले, तर कधी न्यायालयाची भाषा केली. जाइल्स फ्रेझर यांनी व त्यांच्यामागोमाग डीन ग्रॅम नोल्स यांनी राजीनामे दिले. फेब्रुवारी 2012 च्या अखेरीस तंबू हटविण्यात आले. पण चर्चची झालेली शोभा त्यांच्यासवे गेली नाही.

तथापि विश्वस्तांची अडचण खोटी नाही. देवस्थानाची जागा ही भक्तांची ठेव असते. धार्मिक संस्थांच्या दुरुपयोगास प्रतिबंध करणारा 1988 चा केंद्रीय कायदा धर्मस्थळाच्या आवारात राजकीय प्रचारास मनाई करतो, आणि ती योग्यच आहे. आज एका पक्षाला व्यासपीठ दिले, तर उद्या दुसऱ्याला नाकारता येणार नाही. मग कीर्तनाच्या जागी निवडणुकीच्या सभा गाजू लागतील.

परंतु व्यासपीठ देणे वेगळे आणि आसरा देणे वेगळे. तहानलेल्याला पाणी आणि थकलेल्याला रात्रीपुरती ओसरी देताना त्याच्या हातातील झेंड्याचा रंग पाहण्याचे कारण नाही. भाषणे, घोषणा व फलक आवाराबाहेर राहावेत. माणसे मात्र आत यावीत. असा नियम मठ, दर्गा, चर्च यांच्या विश्वस्तांनी आंदोलन दाराशी येण्यापूर्वीच ठरवावा, लेखी नोंदवावा आणि आपल्या जातीच्या वा विरोधी जातीच्या आंदोलकांना तो सारखाच लावावा. ज्या बीड जिल्ह्यात गेली काही वर्षे जातीजातींतील अंतर वाढत आहे, तेथे या समभावाचे मोल विशेष आहे.

कसोटी आपल्या माणसाला जागा देण्यात नाही. ज्याची मागणी आपणांस मान्य नाही, त्यालाही पावसाच्या रात्री दार उघडता आले, तरच त्या अंगणाला देवाचे अंगण म्हणता येईल.